मोहाची न्याहारी

किण्वनाचा धडा सुरू झाला की वर्गातली मागची बाकंसुद्धा जागी होतात. नागपूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना हे मी बॅचमागून बॅच पाहत आले आहे. पूर्वी मुलं चोरून हसायची, आता सरळ विचारतात. "मॅडम, कॉर्नफ्लेक्सची दारू होते काय?" परदेशात घरच्या घरी दारू गाळण्याचा छंद जोपासणारी माणसं आहेत. न्याहारीच्या डब्यातले फ्लेक्स भिजवून, आंबवून त्यांचा मद्यार्क काढण्याचे त्यांचे प्रयोग आमच्या मुलांच्या फोनवर पोचले आहेत. मी हा प्रश्न टाळत नाही. एकाच प्रश्नात वनस्पतिशास्त्र, रसायन, कायदा आणि आपला मुलूख असं सगळं क्वचितच येतं.

होते, असं मी सांगते, पण सहज होत नाही. कॉर्नफ्लेक्स म्हणजे मका, आणि मक्यात असतो स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली लांबलचक माळ. यीस्टला सुटे मणी लागतात, अख्खी माळ त्याला खाता येत नाही. माळ तोडायचं काम अमायलेज नावाची विकरं करतात आणि ती धान्याला मोड येताना धान्यातच तयार होतात. म्हणून जगभर बार्लीला आधी मोड आणतात, मग ती वाळवतात, मग भिजवतात. आपल्याकडे ज्वारी-नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, त्यातही हेच घडतं. कॉर्नफ्लेक्सचा मका मात्र वाफेवर शिजवलेला, लाटलेला आणि भट्टीत भाजलेला असतो. त्याचा स्टार्च फुलून मोकळा झालेला असतो ही जमेची बाजू, पण इतक्या उष्णतेत विकरं केव्हाच मेलेली असतात. म्हणजे ती बाहेरून घालावी लागणार. त्यांच्याशिवाय आंबेल ती फक्त वरून लावलेली साखर, आणि खाली उरेल तळाला लागून करपणारी पेज.

इथे मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. मक्याचे हे फ्लेक्स एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामातून आले. ते आरोग्यधाम सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी उभारलं होतं आणि त्याचे प्रमुख डॉ. जॉन हार्वी केलॉग दारूचे कट्टर विरोधक होते. रुग्णाच्या पोटाला हलकं, सात्त्विक काही मिळावं म्हणून त्यांनी जे शोधलं, त्याचाच पुढे कोणी दारूसाठी सडवा घालतं. धान्य खाण्यासाठी की पिण्यासाठी, हे धान्य ठरवत नाही.

मग मी मुलांना विचारते, तुमच्यापैकी देवलापार, पारशिवनी, साकोली, कुरखेडा या बाजूचं कोण आहे? दोन-चार हात वर येतात. कारण या प्रश्नाचं आमच्या मुलखातलं उत्तर धान्यात नाही, फुलात आहे.

मोहाच्या फुलाला विकरांची गरज नाही. झाडाने सगळं काम आधीच उरकलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर झुपक्यांनी कळ्या येतात आणि रात्रीतून, पहाटेपर्यंत मांसल, फिकट पिवळसर पाकळ्यांची फुलं टपटप खाली पडतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते, तीही सुटी, यीस्टला तयार. यीस्टही बाहेरून आणावं लागत नाही, ते फुलावरच असतं. ग्लुकोजचा एक रेणू फुटला की मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात. वजनाने पाहिलं तर 180 भागांतून 92 भाग मद्यार्क आणि 88 भाग वायू. फुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत मडक्यात जो बुडबुड आवाज येतो, तो हा वायू. किण्वन हे जिवंत पेशीचं काम आहे हे लुई पाश्चरने 1857 पासून मांडायला सुरुवात केली. आमच्या जंगलातल्या बायकांना मडक्याला कान लावून ते काम पूर्ण झालं की नाही, हे त्याच्या कितीतरी आधीपासून कळत होतं.

पुढचं ऊर्ध्वपातन. खाली चुलीवर सडव्याचं भांडं, वर दुसरं भांडं, त्यावर थंड पाणी, सांधे मातीने लिंपलेले, आणि वाफ निवून धार बाहेर पडायला एक नळी. मद्यार्क 78 अंशांच्या आसपास उकळतो, पाणी 100 ला. पाठ्यपुस्तकातली काचेची उपकरणं आणि ही मातीची उतरंड यांत तत्त्वाचा फरक काहीही नाही. मी हे सांगते तेव्हा गोंड घरातून आलेली मुलं थोडी ताठ बसतात. त्यांच्या घरी जन्म, लग्न, मरण, पितरांचं देणं, यांतलं काहीही मोहाच्या धारेशिवाय पुरं होत नाही. शहरात आल्यावर त्यांना त्या गोष्टीची लाज वाटायला शिकवलं गेलं आहे.

पण ही माझी गोष्ट दारूची नाही. मला मोहाबद्दल जे सांगायचं आहे ते न्याहारीचं आहे.

माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं. तिथे घरात मोहाचं गाठोडं असायचं आणि ते खाण्यासाठीच असायचं. वाळलेली फुलं निवडून, भाजून, कुटून त्यांचे लाडू व्हायचे. कधी ती उकडून ज्वारीच्या पिठात मळली जायची आणि भाकर गोडसर लागायची. बाळंतिणीला मोह द्यायचे, कामावरच्या बैलालाही द्यायचे. पुढे फळं आली की त्यांच्या बिया, म्हणजे टोळ, घाण्यावर जायच्या आणि वर्षभराचं तेल निघायचं. जंगलाकाठच्या घरांत तर धान्य संपत आलेल्या उन्हाळ्यात सकाळी उकडलेला मोह हीच न्याहारी होती. दुष्काळात माणसं मोहावर जगली, हे विदर्भातल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. आपल्या शहरांत न्याहारीच्या डब्याची दारू करण्याचं कुतूहल आहे, आणि ज्या फुलाकडे आपण नुसती दारू म्हणून पाहतो ते कुणाचं तरी सकाळचं पोट भरत होतं.

हे फूल नुसतं दारू कसं झालं, याचं उत्तर मला महसुलात दिसतं. इंग्रज सरकारला दारूवर कर हवा होता, आणि ज्याच्या अंगणात मोहाचं झाड आहे त्याच्याकडून दारूचा कर घेणं अवघड. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मुंबई सरकारने 1892 साली खास कायदा केला आणि मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आणली. फूल हातात असणं हाच संशय! स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. त्याच्या 65 व्या कलमाखाली परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, ती गाळण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणंही गुन्हा आहे. कॉर्नफ्लेक्सच्या प्रश्नाला हे उत्तरही जोडावंच लागतं, आणि मी ते जोडते. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला मुभा आहे. ती आपल्याकडे नाही. मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं महाराष्ट्राने 2021 मध्ये सैल केली. 1892 पासून मोजलं तर हे अंतर मला फार मोठं वाटतं.

याच महाराष्ट्राने 2007 मध्ये ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारं धोरण आणलं होतं. विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं. गडचिरोलीत काम करणारे डॉ. अभय बंग आणि इतर अनेकांनी त्याविरुद्ध जोरदार आवाज उठवला. भाकरीच्या ज्वारीची दारू करायला सरकारने पैसे द्यायचे, आणि आदिवासी बाईने मोहाचं पोतं नेताना परवाना शोधायचा! ही दोन्ही चित्रं एकाच राज्यातली, हे मला आजही पचत नाही.

तरीही मोहाच्या दारूला सरसकट मोकळीक द्या, असं मी म्हणणार नाही. गडचिरोलीत दारूबंदी झाली ती 1993 साली, आणि ती मुंबईहून लादलेली नव्हती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, ती मागून घेतली. चंद्रपूरच्या बायका याच मागणीसाठी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत चालत आल्या. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी त्यांच्या पुढे होत्या. त्या जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठवली गेली. ज्या बाईचा नवरा मजुरी पिऊन घरी येतो, तिला मोहाच्या सांस्कृतिक वारशावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही. तिचं म्हणणं आधी ऐकायचं, बाकीचं नंतर.

विकण्यासाठी गाळलेली आणि सणापुरती गाळलेली यांत फरक आहे, आणि तो रसायनातही दिसतो. विकणाऱ्याला घाई असते. तो सडव्यात काळा गूळ टाकतो, नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्यातला नायट्रोजन यीस्टला मिळतो आणि भट्टी लवकर लागते. स्वच्छतेचं मग काही विचारू नका. लोक विषारी दारूचं खापर हातभट्टीच्या मडक्यावर फोडतात, पण फुलाच्या किंवा धान्याच्या किण्वनात मिथेनॉल अगदी थोडं तयार होतं. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं मेली, ती दारूत मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं. वासावरून, चवीवरून ते ओळखता येत नाही. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते, कारण आमच्या मुलांपैकी कुणीतरी कधीतरी अशा पेल्यासमोर बसणार आहे.

मला योग्य वाटणारी वाट कायद्यात आधीच आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 साली झालेल्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती देण्याची तरतूद केली. म्हणजे गाव बंद म्हणू शकतं, सणापुरतं चालेल म्हणू शकतं, विकणाऱ्याला हाकलू शकतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाने आपले निर्णय सर्वांनी बसून, सर्वसहमतीने घ्यायची पद्धत घडवली. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. ग्रामसभेत बायका बसल्या आणि बोलल्या तर निर्णय कोणता होईल, याची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती जिल्हाभर एकच नियम लावण्याची. गावाच्या पोटात शिरणारी दुकानदारी आणि देवापुढची ओंजळभर धार यांना पोलिसांच्या एकाच छाप्यात ओतून देण्याची.

गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्याचं नाव देऊन आदिवासी बचत गटांना ती गाळायला परवानगी दिली. महाराष्ट्राने तेच करावं, असं नागपुरात बरेच जण म्हणतात. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. सुंदर बाटलीत गेलेली मोहाची दारू विमानतळावर विकली जाईल, चार बचत गटांना पैसे मिळतील, ते चांगलंच आहे. पण फूल पुन्हा दारूतच गेलं. देवलापारकडे एका घरी मोह वाळत घातलेला पाहून मी विकत मागितला, तेव्हा त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "खायले पाहिजे काय, बाई? खायले तर आता कोणी नेत नाही." त्यांनी मग आतून वेगळा, निवडलेला मोह आणून दिला.

तो वेगळा का ठेवावा लागतो, यातच खरी कामाची गोष्ट आहे. फुलं जमिनीवर पडतात, आणि ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्यातून वणवे लागतात. फुलांना माती आणि राख लागते, ओलावा राहिला की बुरशी येते. असा मोह भट्टीला चालतो, लाडवाला चालत नाही. वेचायला पहाटे जंगलात वाकून बसावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचताना वाघाने बायका मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. आणि एवढं करून आणलेलं पोतं साठवायला कोरडी जागा नसल्याने हंगामातच पडेल भावात जातं. पावसाळ्यात तोच मोह व्यापाऱ्याकडून चढ्या दराने परत येतो.

छत्तीसगडमध्ये काही ठिकाणी झाडाखाली जाळी ताणून त्यावरच फुलं झेलतात. पाचोळा जाळावा लागत नाही, फूल मातीला टेकत नाही, आणि उन्हात नीट वाळवलं तर त्याला खाद्य म्हणून वेगळा भाव मिळतो. जाळी महाग नाही. गावात एक कोरडं गोदाम, झाडागणिक एक जाळी, आणि शाळेच्या आहारात आठवड्यातून एकदा मोहाचा लाडू: रामटेक तालुक्यातल्या दोन-चार गावांनी मिळून करावं आणि जिल्हा परिषदेने खर्च उचलावा, इतकंच हे काम आहे. दरम्यान आमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाची मुलं फेलिंगच्या द्रावणाने साखर मोजायला शिकतात, तेव्हा त्यांना मी बाजारातल्या ग्लुकोजऐवजी मोहाचा अर्क देते. आकडा आला की कुणीतरी विचारतंच, मॅडम, एवढी साखर आहे तर आपण हे खात का नाही.