गंजाचा चेहरा

अमेरिकेत ओहायो राज्याच्या आग्नेय भागात काही ओढे नारिंगी वाहतात. तिथल्या कित्येक कोळशाच्या खाणी कधीच बंद पडल्या. पण आत उघड्या पडलेल्या पायराइटला पाणी आणि हवा लागतच राहते. लोह विरघळते, पाणी आम्लधर्मी होते आणि बाहेर आल्यावर तळाशी गंजाचा थर बसतो. ओहायो विद्यापीठातले अभियंते गाय रीफ्लर आणि चित्रकार जॉन सेब्रॉ यांनी हाच गाळ वाळवून, भट्टीत भाजून त्याचे रंग केले. आच वाढवावी तशी छटा पिवडीकडून गेरूकडे सरकते.

या भुकटीतून फोटोही छापता येतो. ‘गम बायक्रोमेट’ ही एकोणिसाव्या शतकातली पद्धत. बाभळीच्या जातीचा डिंक, रंग आणि डायक्रोमेट कालवून कागदावर फासायचे, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे. ऊन लागेल तिथे डिंक घट्ट होतो आणि रंगाला धरून ठेवतो. बाकीचा पाण्यात सुटतो.

समजा, या गंजातून एका खाणकामगाराचा चेहरा छापला. कागदावर तो माणूस कशामुळे आहे, नाकडोळ्यांच्या रेषांमुळे की त्या गंजामुळे?

प्रश्न जुना आहे. बायझंटाइन साम्राज्यात मूर्तिभंजनाचा वाद पेटला, तेव्हा थिओडोर या मठाधिपतीने मुद्रेच्या अंगठीचा दाखला दिला. ठसा मेणावर उमटवा की मातीवर, मुद्रा तीच. म्हणजे ओळख आकारात. छांदोग्य उपनिषदातला उद्दालक श्वेतकेतूला नेमके उलटे शिकवतो: घट, परळ ही नुसती नावे, खरी ती माती.

मॅथ्यू ब्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने तर समोरच्या माणसाच्याच शरीरातल्या द्रवांतले मीठ वापरून त्याची व्यक्तिचित्रे छापली. पाडलेल्या इमारतींचे जुने फोटो त्याने त्याच जागेवरच्या धुळीतून छापले. इथे द्रव्य साक्षीला उभे राहते, आणि थिओडोरचा दाखला अपुरा वाटू लागतो.

पण एक अडचण टाळता येत नाही. भिंतीवरच्या चित्रातला गंज ओढ्यातला की दुकानातल्या ट्यूबमधला, हे डोळ्यांना कळत नाही. कुणीतरी सांगावे लागते आणि आपल्याला विश्वास ठेवावा लागतो. संतांच्या अस्थींपुढे हात जोडणारा भाविकही असाच कुणाच्या तरी शब्दावर उभा असतो. म्हणून तो शब्द खरा असणे ही छापणाऱ्याची मोठी जबाबदारी आहे. मग उद्दालकाची मातीही पुरत नाही. तिची हकीकत सोबत लागते.

छापलेला कागद पाण्यात पालथा सोडला की चेहरा सावकाश मोकळा होतो. आधी कपाळ उजळते, मग गालाचे हाड. सुटलेला गंज तबकाच्या तळाशी बसतो, ओढ्यात बसत होता तसाच. त्या पाण्यात आता डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचे विषही उतरलेले असते. ते मोरीत ओतायचे नसते.