फुकटचे औषध

आमच्या मल्हारगंजात संध्याकाळी ओट्यावर मराठी आणि हिंदीची सरमिसळ चालते. दुःखावरचा उतारा मात्र दोन्ही भाषांत एकच: "जाने दो, होणारं होऊन गेलं." मे २०१६ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एम. वाय.मध्ये, नव्या शस्त्रक्रियागृहात प्राणवायूच्या नळातून भुलीचा नायट्रस ऑक्साइड आला आणि दोन बालके दगावली. तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "सरकारी दवाखाना तो. पैसे कुठे मोजले होते, जाब विचारायला?"

या वाक्याने मी अस्वस्थ झालो, कारण कायदाही काही अंशी काकूंच्याच बाजूचा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. मोठेच काम झाले. पण जिथे सर्वांवरच मोफत उपचार होतात, ती रुग्णालये वगळली. नाममात्र नोंदणी शुल्क भरल्यानेही फरक पडत नाही. उलट जिथे काहीजण पैसे देतात, तिथला फुकटचा रोगीही ग्राहक ठरतो. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्याने पैसे भरले असतील, तर माझ्या चुकीच्या इंजेक्शनची दाद ग्राहक आयोगात लागायची!

बाजारात हे ठीक. इस्पितळात माणूस पाकीट काढण्याआधी दंड पुढे करतो. बाटलीवरचे नाव तो वाचत नाही; बेशुद्ध असला तर वाचणार कसा? जाब विचारण्याचा हक्क या विश्वासातून येतो, पावतीतून नव्हे, असे मला वाटते. फुकट सेवा करणाऱ्यावर दावे लावले तर पुढे कोण सेवा करील, हा आक्षेप धर्मादाय दवाखान्याबाबत मी ऐकून घेईन. सरकारबाबत नाही. काडेपेटीवरही कर भरणाऱ्या माणसावर सरकार कसले उपकार करते?

काकूंना मी एवढेच सांगितले की ग्राहक आयोगाचे दार बंद असले तरी दिवाणी दावा करता येतो, उच्च न्यायालयात रिट करता येते, आणि खंडपीठ तर इंदुरातच आहे. पैसे घेणारे रुग्णालय असेल तर आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. आणि सगळ्यांत आधी उपचाराचे कागद लेखी मागावेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "रडत्या घरातून अर्ज लिहायला कोण उठणार रे?"

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. अर्जाचा मसुदा मात्र त्याच रात्री लिहून ठेवला, मराठीत आणि हिंदीतही.