जोडी लावण्याआधी पिल्ले मोजा

मुंबईकरांची फार्महाउसे भिवपुरी-कर्जतपर्यंत आली. हाताशी मोकळी जागा असली की शॅमेलिऑनची एक जोडी आणावी, पिल्ले काढावीत, असे एखाद्या हौशी माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडचा शॅमेलिऑन या विचारातून आधीच वगळायला हवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे तर सोडाच, त्याच्या अंड्यांना धक्का लावणे हीसुद्धा शिकारच ठरते. मग उरतात परदेशी जाती: येमेन-सौदी अरेबियातला व्हेल्ड आणि मादागास्करचा पँथर. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे. पण नोंदणी झाली म्हणजे पैदास करणे योग्य ठरले, असे मी मानत नाही.

व्हेल्डची मादी एका वेळी वीस ते साठ-सत्तर अंडी घालते, तेही वर्षातून दोन-तीनदा. अंडी फुटायला सहा ते नऊ महिने लागतात. चाळीसच पिल्ले जगली असे धरले, तरी प्रत्येकी डझनभर बारीक रातकिड्यांच्या हिशेबाने रोजचे चार-पाचशे होतात, आणि त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी लागते. काही आठवड्यांत पिल्ले एकमेकांना चावू लागतात, म्हणजे चाळीस पिंजरे हवेत, प्रत्येकावर अतिनील दिवा हवा. तो नसला तर हाडे मऊ पडून पाय वाकतात. मादीचे हाल वेगळेच. अंडी घालायला तिला हातभर खोल ओलसर माती लागते. माती मिळाली नाही तर ती पिंजऱ्याचा तळ खरवडत राहते आणि अंडी पोटातच अडकून मरू शकते. त्या वेळी शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य भिवपुरीहून किती तासांवर आहे? आषाढात वीज गेली, तर दिवे कशावर चालणार?

पैदास घरी झाली की जंगलातून प्राणी पकडणे थांबते, हा आक्षेप वजनदार आहे. युरोप-अमेरिकेत व्हेल्ड आणि पँथरच्या बाबतीत त्यात बरेच तथ्यही आहे. पण तिथे मूळ जोडी कुठून आली, हे सांगता येते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्या एअर कार्गो संकुलात शोभेच्या माशांच्या मालाआड लपवलेले कासव, अजगर, सरडे, इग्वाना असे ६६५ प्राणी महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. त्यांतले ११७ मेलेले होते. अशा वाटेने आलेल्या जोडीची पिल्ले घरात जन्मली म्हणून निर्दोष होत नाहीत. उलट त्यांच्या आडून तस्करीचा माल धुऊन निघतो, आणि प्रत्येक नवे गिऱ्हाईक पुढच्या मालाची मागणी वाढवते.

‘नको झाली तर रानात सोडू’ हे उत्तर तर सर्वांत घातक. १९७२मध्ये हवाईत केनियाचे जॅक्सन शॅमेलिऑन एका दुकानदाराने ते सावरावेत म्हणून अंगणात सोडले. ते तिथे कायमचे पसरले, आणि आता स्थानिक किडे-गोगलगाई खातात. माथेरानच्या पायथ्याशी हा प्रयोग कोणी करू नये.

ज्यांच्याकडे रीतसर नोंदलेला एखादा शॅमेलिऑन आहे, त्यांनी तो नीट सांभाळावा. एकटी मादीही अंडी घालतेच, म्हणून तिला मातीची कुंडी द्यावी, खाणे आणि ऊब बेताची ठेवावी. मात्र तिच्यासाठी नर आणू नये.