तारेवरची शांतता

दिवा मंद करा. अबुधाबीतली ऑगस्टची रात्र आहे, बाल्कनीचं दार आज उघडायचं नाही. बाहेरची दमट हवा आत शिरली की एसीनं गार झालेल्या धातूवर दव धरतं, आणि आपल्यासमोरच्या धातूनं चाळिशी केव्हाच ओलांडली आहे. टेबलावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा मिनिकॉम्प्युटर, पीडीपी-११/२३. शेजारी टर्मिनल, दोघांमध्ये एक केबल. पडदा काळा.

लगेच हात लावू नका. आधी मागे जाऊन पाहा, यंत्र किती व्होल्टवर लावलेलं आहे. अमेरिकेत ते ११५ व्होल्टवर चालायचं. इथल्या भिंतीत त्याच्या दुप्पट आहे. ते जुळलं की चालू करा. पंख्याचा आवाज स्थिर होऊ द्या. मीटरवर ५ आणि १२ व्होल्ट दिसेपर्यंत दुसरं काही मनात आणू नका.

आता काहीच घडत नाही.

‘गेलं हे यंत्र’ असा विचार येईल. येऊ द्या, पण त्याच्या सांगण्यावरून काही करू नका. मी याच जागी तीन संध्याकाळी प्रोसेसरचं कार्ड काढत आणि बसवत घालवल्या. कार्ड ठणठणीत होतं.

केबल टर्मिनलपासून सोडवा. मीटरचं काळं टोक सात नंबरच्या पिनवर धरा, लाल टोक तीनवर. शून्य. लाल टोक दोनवर न्या. उणे नऊ व्होल्ट.

इथे थांबा. श्वास संथ होऊ द्या. ही शांतता रिकामी नाही. सिरियल तारेवर कुणी बोलत नसलं, तरी बोलणारा ती तार ऋण व्होल्टेजवर धरून बसलेला असतो. त्याआधीच्या टेलिटाइपच्या तारेत तर गप्प असणं म्हणजे २० मिलिअँपिअर अखंड वाहत राहणं. तार तुटली की टेलिटाइप खडखडायला लागायचं. उणे नऊ दिसलं, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे.

पण ते दोनवर आहे, आणि टर्मिनलही दोनवरच बोलतं. दोघंही एकाच तारेवर बोलत होते आणि दुसऱ्या तारेला कान लावून बसले होते. रात्री मी घरी फोन लावतो, तेव्हा आई आणि मी एकदमच बोलतो आणि मग दोघंही एकदमच थांबतो. त्या थांबण्यात ती आहे, हे मला कळतं.

दोन आणि तीनच्या तारा अदलाबदल करा, केबल पुन्हा टर्मिनलला लावा. प्रोसेसर थांबवणारा हॉल्टचा स्विच खाली. पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं उमटतील. आनंदानं पाहा त्यांच्याकडे, यंत्र बोलतंय! जुळला नाही तो फक्त वेग. सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे एका बिटाला साधारण १०४ मायक्रोसेकंद. तेवढा वेळ दोघांचा सारखा हवा. टर्मिनलचा वेग लावा, पुन्हा हॉल्ट करा. सहा आकडी पत्ता येतो आणि खालच्या ओळीत @.

हे चिन्ह उमटवण्याआधीही प्रोसेसरनं १७७५६४ या पत्त्यावर जाऊन विचारलं आहे, मागचं अक्षर गेलं का? तिथला एक बिट ‘हो’ म्हणेपर्यंत तो थांबतो. प्रत्येक अक्षराआधी थांबतो.

आता बाहेरून काही आत वाचून घ्यायचं. ते कसं, हा यंत्राचा पहिला धडा एकेकाळी माणूसच द्यायचा. पीडीपी-११ ला कागदी फीत वाचायला शिकवण्यासाठी १४ शब्द स्विच वरखाली करून भरावे लागत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली उभा राहिलेला टीडीसी-१२ हा संगणकही त्याच जमान्यातला. मला ते १४ शब्द फार मोलाचे वाटतात, कारण पुढचं सगळं त्यांच्यातूनच आत येतं. आपल्या यंत्रात ते काम रॉम करते.

हॉल्टचा स्विच वर. @ च्या पुढे रॉमचा पत्ता १७३००० आणि जी. फ्लॉपीचं डोकं खडखडतं, थांबतं, पुन्हा खडखडतं. मग पडद्याच्या डाव्या कडेला आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टिमचं एक टिंब.

कीबोर्डवरून हात उचला. अजून काही लिहू नका.