जन्मस्थान आणि वतन

अलिबाग-चौलच्या आसपास पसरलेल्या अष्टागरातील एखाद्या जुन्या घरी, पिवळसर हिरव्या काचेची, काठावरची सोनेरी वेल पुसट होत चाललेली फुलदाणी दिसली, की घरातील वडीलधारी मंडळी तिची ओळख ‘विलायती’ या एकाच शब्दात आटोपतात. परंतु ही विलायत नेमकी कोणती असे कोणी विचारले, की न्यायशास्त्राचा जो प्रांत आपण पाठशाळेत सोडून आलो असे समजतो, तो त्या कोनाड्यातच आपल्यापुढे उभा राहतो.

काचेचे पारखी जे करतात, ते शुद्ध अनुमानच होय. फुलदाणी उलटी करून तळाशी खडबडीत व्रण आढळला, तर तापलेले पात्र लोखंडी दांड्यावर धरून घडविले व मग तोडून वेगळे केले, असे ते मानतात. अंगावर उभी शिवण दिसली, तर साचा वापरला असे ठरवितात. धुरावरून अग्नी ओळखावा तसेच हे. मात्र येथे न्यायशास्त्र ज्याला व्यभिचार म्हणते, म्हणजे खूण असून अनुमान चुकणे, तो पदोपदी आहे, कारण शिवण घासून नाहीशी करता येते आणि तळाचा व्रण आजचा कारागीरही ठेवू शकतो. अतिनील प्रकाशात हिरवी झळकणारी युरेनियमची काच बोहेमियातील जोसेफ रीडेलने १८३० च्या दशकात नावारूपास आणली खरी, पण पुढे ती इंग्लंड-अमेरिकेतही होऊ लागल्यामुळे ती झळाळी द्रव्य सांगते, गाव सांगत नाही. तळाशी ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असेल, तर ते राष्ट्रच १९१८ साली जन्मास आल्यामुळे वस्तू त्यापूर्वीची नव्हे, एवढेच निश्चित होते. एकूण, वस्तू काय नव्हे हे या खुणा जितक्या खात्रीने सांगतात, तितक्या खात्रीने ती काय आहे हे सांगत नाहीत.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपली म्हण आहे. ती अज्ञानाच्या कौतुकापोटी नव्हे, तर उगमाशी सापडणाऱ्या धारेत नदी मावत नाही म्हणून. याच किनाऱ्यावर नवगावनजीक फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा आहे. ती जोडपी कोठून व केव्हा निघाली, हा विद्वानांचा वाद चालूच आहे. पण तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या लोकांना शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हटले, आणि त्यांनी किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर अशी आडनावे धारण केली. त्या ‘कर’ प्रत्ययाला गलबताच्या बंदराशी कर्तव्य नाही.

‘वतन’ हा शब्दही असाच परदेशी. मुळात त्याचा अर्थ जन्मभूमी. आपल्या दप्तरात मात्र तो सेवेपोटी मिळालेल्या वंशपरंपरागत हक्काचा वाचक झाला, आणि सेवा चुकली तर ते वतन जप्तही होई. त्या फुलदाणीची नोंद करावयाची झाल्यास दोन रकाने आखावे लागतील. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘बहुधा बोहेमिया’ एवढाच शेरा प्रामाणिकपणे बसेल. वतनाच्या रकान्यात मात्र दर भाद्रपदात गणपतीपुढे फुले धरून उभे राहण्याची तिची चाकरी निःसंशय लिहिता येईल. उद्या ती एखाद्या संग्राहकाच्या बंद कपाटात गेली, तर पहिला रकाना कदाचित पक्का होईल. दुसरा त्याच दिवशी कोरा पडेल.