बेतातले हरीण

कोणत्याही कामातला सर्वांत निरुपद्रवी भाग म्हणजे त्याचा बेत, अशी आपली समजूत असते. दिवाळीआधी पंधरा दिवस घरात फराळाचे बेत चालतात, मुलांचे किल्ल्याचे चालतात, थोरांचे तीर्थयात्रेचे चालतात. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. उलट खरी गंमत असते ती बेतातच. मीही असेच समजत होतो. पण यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने मला एक बेत ऐकवला, आणि तेव्हापासून ही समजूत मला पूर्वीसारखी सोपी वाटेनाशी झाली आहे.

हा भाचा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरात राहतो. त्या रात्री फोनवर तो म्हणाला, "मामा, ऑक्टोबरात मी हरणाच्या शिकारीला जाणार. पहिलीच वेळ. शेजारच्या वायोमिंग राज्यात. सोडतीत माझं नाव लागलं!"

फलटणच्या शाळामास्तराला यातले काय कळणार? पण पोराचा उत्साह असा होता की मी ऐकत राहिलो. परराज्यातल्या माणसाने तिथे आधी अर्ज करायचा. मग सोडत निघते. परवाना एका ठरावीक पट्ट्याचा, ठरावीक दिवसांचा आणि एकाच जनावराचा. बंदूक सुरक्षित कशी वापरावी याचे शिक्षण घेऊन दाखला मिळवायचा. अंगावर भडक नारिंगी कपडा घालायचा, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागायची नाही. जमीन सरकारी, म्हणजे आपल्या गायरानासारखी सर्वांची. पण पूर्वी रेल्वे कंपनीला एक चौकोन सोडून एक चौकोन जमीन बहाल केल्यामुळे कित्येक ठिकाणी नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे, एक घर सरकारचे, शेजारचे खाजगी. चुकून पाऊल पडू नये म्हणून त्याने महिनाभर नकाशे अभ्यासले होते. मांस वाया घालवणे हा तिथे गुन्हा. म्हणून ते लगोलग थंड कसे करायचे, बर्फाच्या पेट्या किती न्यायच्या, याचाही हिशेब तयार होता.

पाऊण तासाने तो थांबला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "मामा, यात काही वाईट नाही ना हो? आईला अजून सांगितलं नाही."

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तेव्हा तिने एका वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, तिला आता वीस वर्षे झाली.

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." मास्तर माणसाला वेळ काढायची ही युक्ती चांगली अवगत असते. पण या वेळी मला खरोखरच विचार करावा लागला.

कायद्याचे म्हणाल, तर प्रश्न लवकर सुटतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये काळवीट किंवा चिंकारा मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. तिकडे परवाना काढून प्रॉन्गहॉर्न मारता येतो. आणि तिकडच्या रिवाजामागे केवळ चैन आहे असेही नाही. बेसुमार गोळीबाराने विसाव्या शतकाच्या आरंभी हे प्राणी नामशेष व्हायच्या बेताला आले होते. मग शिकारीला शिस्त लागली. १९३७ साली बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या राखणीकडे वळवणारा कायदा झाला. आज ते प्राणी लाखांनी मोजतात. ज्याला मारायचे आहे त्यानेच राखण्याचा खर्च द्यावा, असा तो व्यवहार. तो मला अप्रामाणिक वाटत नाही. मग मन कशाला अडखळते?

मला माझे आजोबा आठवले. आजोबांच्या तरुणपणी फलटण हे निंबाळकरांचे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. दक्षिणेकडच्या डोंगरापलीकडचा माण तालुका म्हणजे इंग्रजांचा मुलूख. एका वर्षी आजोबा आणि त्यांचे दोन मित्र संस्थानची हद्द ओलांडून शिंगणापूरच्या बाजूला हरणाच्या शिकारीला गेले होते. तेही 'परराज्य'च! ती गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली असेल. ठासणीची बंदूक कोणाकडून मागून आणली, भाकऱ्या किती बांधल्या, चटणीची पुरचुंडी कशी सुटली, वाट दाखवायला बरोबर घेतलेल्या पारध्याने मातीवरचा खूर पाहून कळप किती वेळापूर्वी गेला ते कसे सांगितले, हे सारे सांगायला तास लागे. आणि शेवटी एकच वाक्य येई : "मग हरीण पडलं."

ते नर होते की मादी, एकटे होते की कळपात, एका गोळीत गेले की तडफडले, हे आजोबांनी कधीच सांगितले नाही. आम्हीही कधी विचारले नाही. त्या गोष्टीत भाकरी होती, चटणी होती, बंदूक होती. हरीण मात्र नव्हते.

आणि तो पारधी? त्याचे नावही आजोबांच्या गोष्टीत नव्हते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदा उठायला १९५२ साल उजाडले. ज्याच्या घरी हरीण म्हणजे पोरांचे जेवण होते, त्याने फास लावला तर ती चोरी, आणि ज्यांच्या घरी ज्वारीची पोती होती त्यांनी बार काढला तर ती शिकार! आजोबा दुष्ट नव्हते. त्यांच्या बेतात या दोघांना जागा नव्हती, एवढेच.

आमच्या गावात रामाचे मोठे मंदिर आहे. लहानपणापासून तिथे कांचनमृगाचे आख्यान ऐकत आलो. पण या फोननंतर मला त्यातली एक गोष्ट नव्यानेच जाणवली. सीतेला त्या मृगाच्या सोनेरी कातड्याचा मोह पडला. राजे मृगया करीतच आले आहेत, असे रामाने समर्थन केले. मृगाकडे नीट पाहिले ते एकट्या लक्ष्मणाने. तो म्हणाला की असले हरीण जगात नसते. हा मारीच असावा. बाण सुटण्याच्या पुष्कळ आधी, बेत चालू असतानाच ही शंका निघाली होती. तिकडे कानाडोळा झाला आणि पुढचे रामायण घडले.

मला वाटते, विवेकाला वेळ मिळतो तो बेतातच. चापावर बोट गेल्यावर माणूस विचार करीत नाही. तिथे डोळा आणि हात एवढेच काम करतात. बेत निरुपद्रवी तर नाहीच. उलट बरे-वाईट ठरायचे ते तिथेच ठरते. आणि भाच्याच्या त्या पाऊण तासात नकाशा होता, बर्फ होता, नारिंगी कपडा होता. तिथेही हरीण नव्हते.

हे सुचले तेव्हा भाच्याला चार गोष्टी सुनवाव्यात असे मनात आले. पण तेवढ्यात मी स्वतःकडे पाहिले.

मी आयुष्यात बंदूक हाती धरलेली नाही. रविवारी मात्र पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर उभा राहतो, आणि खाटीक सुरी उचलतो तेव्हा रस्त्याकडे बघतो. त्याहून मोठी गोष्ट आमच्या शिवाराची. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, साखरवाडीला कारखाना झाला, ऊस आला. त्या उसावर आमची घरे झाली, माझी शाळा झाली. त्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही. पण चिंकाऱ्याला लागतो उघडा, कोरडा माळ. आणि सरकारी कागदात माळाचे नाव आहे 'पडीक'. कालव्याचा बेत ज्यांनी आखला तेही सज्जनच होते. त्यांच्या नकाशात फक्त हरीण काढायचे राहून गेले. आजोबांच्या बंदुकीने एक हरीण पडले. नांगराने किती गेली त्याची कोणी गोष्टही सांगत नाही.

आता हरणे दाखवायची तर मुलांना बारामतीपलीकडे सुप्याला न्यावे लागते. तिथे १९९७ साली झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. सगळे मिळून पाचएक चौरस किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी आमची सहल गेली होती. एक चिंकारा काही न होता एकाएकी उधळला आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. एका मुलाने विचारले, "सर, त्याच्यामागं कोण लागलं होतं?"

मी त्याला चित्त्याची हकिकत सांगितली. मृगांच्या मागे लागणारा भारतातला चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. अलीकडे २०२२ साली आफ्रिकेतून आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले आहेत, पण इकडच्या माळावर चित्ता नाही. शास्त्रज्ञ सांगतात की वायोमिंगचा तो प्रॉन्गहॉर्नही असाच, हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका चित्त्यासारख्या जनावरामुळे एवढा वेगवान झाला असावा. पाठलाग करणारा गेला. वेग अंगात राहिला. असे जनावर ज्या बेतात येते, त्या बेतात त्याच्यासाठी अर्धा तासही राखून ठेवू नये, हे मला बरे वाटेना.

आठवड्याने मी भाच्याला फोन केला. 'जाऊ नकोस' असे म्हणालो नाही. तो अधिकार मटणाची पिशवी धरणाऱ्याला नाही. म्हणालो, "अरे, तुझा बेत पक्का आहे, पण एक दिवस कमी पडतो. एक दिवस आधी जा. बंदूक गाडीत राहू दे. दुर्बीण घे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे बघत बस. दुसऱ्या दिवशी मारावंसं वाटलं तर मार. परवाना तुझ्या खिशात आहे. न वाटलं तर रिकाम्या हातानं परत ये, आणि फी फुकट गेली असं म्हणू नकोस. दुसरं, आईला आधी सांग. जे आईला आधी सांगता येत नाही, त्याचा बेत अजून पुरा झाला नाही असं समज."

त्याने सांगितले. बहीण बराच वेळ बोलली नाही म्हणे. मग म्हणाली, "मारलंस तर टाकू नकोस. आणि मला फोटो धाडू नकोस." एवढे बोलून तिने त्याला विचारले की तिकडे थंडी फार असते का, आणि जाड बंडी आहे का.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर त्याचा ऑक्टोबर होऊन गेलेला असेल. त्याने काय केले ते मी विचारणार आहे. पण आजोबांना कधी विचारले नाही ते आधी विचारीन. हरीण पडले की नाही, हे नंतर. ते कसे होते, हे आधी.