जालीम जातो, जुल्म का राहतो?

मागे जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, "मौलाना, इजिप्तमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, रडून दुआ मागितल्या; तरी सत्ता पुन्हा लष्कराकडेच गेली. मग हकाची बाजू घेऊन उपयोग काय?"

यात दोन प्रश्न आहेत. पहिला, उठाव का फसला? २५ जानेवारी २०११ रोजी कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले आणि अठराव्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, सुमारे ३० वर्षे सत्तेवर असलेले होस्नी मुबारक पायउतार झाले. पण गेला तो एक माणूस. सेनापती, न्यायाधीश, पोलीस, लष्कराचे कारखाने जागच्या जागी राहिले. सैन्य फुटले नव्हते. त्याने फक्त मुबारकांचा हात सोडला होता. मुसलमानांच्या नमाजभोवती ख्रिस्ती बांधवांनी ज्या चौकात कडे केले, तेथील एकी 'काय नको' यावर होती. 'काय हवे' यावर नव्हती. २०१२ मध्ये मुहम्मद मुर्सी निवडून आले. त्यांनीही आपले आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले, तेव्हा अविश्वास वाढला. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना हटविले, त्या वेळी तहरीरचे कित्येक जुने आंदोलक आनंदात होते. १४ ऑगस्टला रबाअ चौकात शेकडो माणसे मारली गेली.

दुसरा प्रश्न, अपयश म्हणजे बाजू चुकीची होती काय? इराकचा सुभेदार हज्जाज याच्याविरुद्ध इब्न अल-अशअस यांनी उठाव केला, तेव्हा हजरत हसन बसरी (रह.) यांनी लोकांना तलवारीपासून रोखले, तौबा आणि सब्र यांचा मार्ग दाखविला. हजरत सईद बिन जुबैर (रह.) मात्र उठावात सामील झाले. उठाव मोडला, पुढे हज्जाजने त्यांना ठार केले. उम्मतने दोघांचाही आदर राखला. एकाने रक्तपाताचा परिणाम ओळखला, दुसऱ्याने जुल्मापुढे मान तुकविली नाही. निय्यतचा मोबदला अल्लाहकडे आहे, पण चांगली निय्यत तदबीरीची जागा घेऊ शकत नाही.

सूरह रअदमध्ये (१३:११) कौमेची अवस्था तिच्या अंतरंगातील बदलाशी जोडली आहे. मक्का फतह होण्यापूर्वी मदिनेत मस्जिद, बंधुभाव आणि करार उभे राहिले होते. जुने गेले तेव्हा नवे तयार होते.

म्हणून त्या तरुणाला मी उलट विचारले, "आपल्या मस्जिदीचा हिशेब कोणी मागितला, तर आपण रागावतो काय? बहिणीला वारशातला हिस्सा दिला काय?" तो गप्प राहिला, खरे सांगायचे तर मीही. जुल्म तख्तावर बसण्याआधी घरात बसलेला असतो.